नाटकाचे ध्वनिसंकेत वाजवणारं ॲप: बफर किती ठेवायचा, आणि आवाज मिसळणार कोण?

नांदीनंतर (फोंडा)

नमस्कार मंडळी. देवळांतल्या उत्सवी नाटकांना ध्वनिसंकेत देण्यासाठी सी प्लस प्लसमध्ये ॲप लिहितो आहे. बारा कळा, प्रत्येक कळीला एक फाइल: मेघगर्जना, शंख, चौघडा, टापा, तलवारी. खाली तानपुरा प्रवेशभर चालू. मशीन साधं: विंडोज १०, ४ जीबी रॅम, मदरबोर्डवरचंच साउंड कार्ड. दुसऱ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे.

सध्याची रचना अशी: कळ दाबली की त्या आवाजापुरतं साउंड कार्ड नव्याने उघडतो, फाइल वाचत जातो, तुकडे लिहीत जातो. मिसळायचं काम कार्डावर सोडलंय. दोन आवाजांपर्यंत ठीक, तिसरा आला की चरचर. बफर (कार्डासाठी आधीच भरून ठेवलेला आवाजाचा तुकडा) २५६ वरून २०४८ केला तर चरचर कमी होते, पण शंख तोंडाला लावल्यावर मागाहून वाजतो. लिनक्सवर दुसरा आवाज उघडतच नाही, −१६ हा चूक-क्रमांक परत येतो. काही फाइली चढ्या पट्टीत वाजतात. तानपुरा एका यूएसबी डोंगलवर आणि बाकी आवाज दुसऱ्यावर काढले (दोन्हींना पुरवठा एकाच कॉलबॅकमधून, म्हणजे पुढचा तुकडा हवा झाला की चालणाऱ्या फंक्शनमधून), तर मधूनमधून टिक् असा आवाज येतो. कुठून सुरुवात करावी?

खडखडाट (मडगाव)

बफर वाढवण्याआधी चरचर नीट ऐका. ती कधी येते त्यावरून कारण बहुतेक वेळा सापडतं.

मोठा आवाज आला की फाटल्यासारखं होत असेल, तर बेरीज मर्यादेबाहेर जाते आहे. त्याचा बफरशी काही संबंध नाही. कळ दाबल्याच्याच क्षणी येत असेल तर कॉलबॅकमध्ये फाइल उघडणं, मेमरी मागणं किंवा कुलूप लावणं चाललंय. काहीही न करता अवचित येत असेल तर ड्रायव्हर. वायफायचा ड्रायव्हर आणि बॅटरीची देखरेख हे नेहमीचे संशयित, लेटन्सीमॉन (अडवणारा ड्रायव्हर शोधणारं ॲप) चालवून ठेवलं की नाव कळतं. ठरावीक मिनिटांनी घड्याळासारखं टिक् येत असेल तर दोन कार्डांच्या क्लॉकचा (घड्याळांचा) फरक. आणि चरचर न येता एकसारखी गुणगुण येत असेल, तर रिंग बफरच्या (टोकाला पोचल्यावर पुन्हा सुरुवातीपासून भरल्या जाणाऱ्या बफरच्या) टोकाला वळण घेताना गणित चुकतंय, म्हणजे प्रत्येक फेरीला एकदा उडी बसते.

तुमच्याकडे यातली निदान तीन एकत्र आहेत. बफर २०४८ केल्याने फक्त कॉलबॅकमधलं फाइलवाचन झाकलं गेलं.

आता हिशेब. सॅम्पल म्हणजे आवाजाच्या लहरीचं एक माप, ४८००० हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला तशी ४८००० मापं. फ्रेम म्हणजे एका क्षणाची सगळ्या चॅनेलांची सॅम्पलं. १६ बिट स्टिरिओत एक फ्रेम ४ बाइट. ४८००० हर्ट्‌झला २५६ फ्रेम म्हणजे ५.३३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.६७, १०२४ म्हणजे २१.३, २०४८ म्हणजे ४२.७. एपीआयला (ऑडिओच्या तयार फंक्शनांना) आकडा देताना तो फ्रेममध्ये मागतोय की बाइटमध्ये हे बघा. फ्रेमच्या जागी बाइट धरले तर चौपटीचा घोळ होतो आणि आवाज तरीही येत राहतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही.

दुसरं, बफर एकटा नसतो. तुमचा एक तुकडा वाजत असतो तेव्हा दुसरा भरलेला तयार लागतो. दोन तुकडे २०४८ चे म्हणजे ८५ मिलिसेकंद, वर विंडोजचं इंजिन आणि ड्रायव्हर. शंख मागाहून वाजणारच.

म्हापशेकर

हल्लीच्या कार्डांत दमच नाही, हे मूळ. पूर्वी मिसळण्याचं काम खरोखर कार्ड करायचं. १९९२ चं ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड घ्या: कार्डावरच २५६ केबी मेमरी, १ एमबीपर्यंत वाढवता येणारी, आणि ३२ आवाज चिप स्वतः मिसळणार. सीपीयूने फक्त सॅम्पल एकदा चढवायचं आणि “हा इथून वाजव” एवढं सांगायचं. मर्यादा होती: १४ आवाजांपर्यंत ४४.१ किलोहर्ट्‌झ, पुढे आवाज वाढवाल तसा दर उतरत जाऊन ३२ ला १९.२ किलोहर्ट्‌झ.

त्याच काळातल्या साउंड ब्लास्टरमध्ये असं मिसळणं नव्हतं. तिथे डीएमएने (मेमरीतून थेट कार्डाकडे) एकच प्रवाह जायचा, मिसळणं सीपीयूने. डीएमए बफर ६४ केबीच्या भौतिक सीमेवरून ओलांडता येत नसे (१६ बिट चॅनेलला १२८ केबी), कारण पत्त्याचा वरचा भाग वेगळ्या पेज रजिस्टरमध्ये असायचा आणि तो आपोआप वाढायचा नाही. सीमा ओलांडली की त्याच पानाच्या सुरुवातीचं काहीतरी भलतंच वाजायचं. अगदी सुरुवातीच्या कार्डांत प्रत्येक तुकड्यानंतर डीएमए नव्याने सुरू करावं लागे, त्या फटीत टिक् यायचं. पुढे ऑटो-इनिट आलं: एकच गोल बफर, अर्ध्यावर एक इंटरप्ट (सीपीयूला हाक), शेवटी एक. आजचे सगळे बफर याच दोन अर्ध्यांच्या खेळाचे वंशज आहेत.

मग १९९८ चं साउंड ब्लास्टर लाइव्ह. ६४ आवाज हार्डवेअरमध्ये. जुन्या बाजारात मिळालं तर घ्या, तुमची आहे तीच रचना चालेल.

खडखडाट

म्हापशेकरबाब, इतिहास बिनचूक, सल्ला मात्र विंडोज १० वर चालणार नाही. डायरेक्टसाउंडमध्ये (विंडोजच्या जुन्या ऑडिओ पद्धतीत) दुय्यम बफर हार्डवेअरमध्ये ठेवायची सोय होती ती विंडोज एक्सपीपर्यंत. व्हिस्टापासून डायरेक्टसाउंडचा हार्डवेअरशी थेट संबंध मायक्रोसॉफ्टने तोडला. आज हार्डवेअर बफर मिळत नाही, मिसळणं सॉफ्टवेअरमध्येच होतं. डायरेक्टसाउंड म्हणजे वासापी या विंडोजच्या आजच्या पद्धतीच्या शेअर्ड मोडवर (अनेक ॲप मिळून कार्ड वापरतात त्यावर) चढवलेला एक मुखवटा. शिवाय ते कार्ड जुन्या पीसीआय खाचेतलं, लॅपटॉपला कुठे लावणार?

आजच्या मदरबोर्डवर जे आहे ते २००४ च्या इंटेल एचडी ऑडिओ पद्धतीचं. त्यात डीएमएचे प्रवाह आहेत, कन्व्हर्टर आहेत, पण चार ॲपचे चार प्रवाह घेऊन बेरीज करणारं यंत्र नाही. मदरबोर्डच्या खोक्यावर “८ चॅनेल” लिहिलेलं असतं ते एकाच प्रवाहातल्या ७.१ स्पीकरांबद्दल.

आल्सावाला (डिचोली)

लिनक्सवर मात्र लाइव्ह कार्डाचं हार्डवेअर मिसळणं अजून दिसतं. एप्ले या आज्ञेकडून उपकरणांची यादी मागा: लाइव्हला उप-उपकरणं ३२ पैकी ३२ दिसतील (६४ आवाज, स्टिरिओला दोन-दोन). मदरबोर्डच्या कार्डाला १ पैकी १. नांदीनंतरबाबांच्या −१६ चं उत्तर त्या “१ पैकी १” मध्ये आहे. त्यांनी थेट हार्डवेअरच्या नावाने उपकरण उघडलंय. एक जागा, एक गिऱ्हाईक, दुसऱ्याला “व्यस्त”.

उपाय दोन. एक, “डीफॉल्ट” नावाने उघडा, म्हणजे मध्ये डीमिक्स किंवा पाइपवायर बसेल आणि ते मिसळेल. दोन, आणि हाच खरा: कार्ड एकदाच उघडा, ॲप बंद होईपर्यंत उघडं ठेवा, बारा आवाज स्वतः मिसळा.

आल्साचे (लिनक्सच्या ऑडिओ थराचे) आकडे: पीरियड (एका वेळचा तुकडा) २५६, बफर ७६८, म्हणजे तीन पीरियड. मदरबोर्डच्या कार्डाला दोनही पुरतात. यूएसबीला तीन ठेवा, कारण यूएसबीचं काम १ मिलिसेकंदाच्या (हायस्पीडला १२५ मायक्रोसेकंदाच्या) ठोक्यावर चालतं आणि २५६ फ्रेम त्या ठोक्यात पूर्ण बसत नाहीत. ४८ च्या पटीत, म्हणजे २४० किंवा ४८० घेतलंत तर बसतात.

“जवळचा” दर किंवा आकार मागणारी फंक्शन्स वापरत असाल तर मिळालेला आकडा परत वाचा. ४४१०० मागितलेत, कार्डाने ४८००० दिले, तुम्ही न बघता फाइल ओतलीत, तर पट्टी चढणारच.

लिहिताना −३२ आला तर अंडररन झाला (बफर वेळेत भरला नाही): प्रिपेअर करून प्रवाह पुन्हा तयार करा आणि तोच तुकडा पुन्हा लिहा. −८६ म्हणजे मशीन झोपून उठलं. दोन्ही चुका पकडा आणि मोजा. न मोजता गुपचूप सावरलं तर जत्रेच्या रात्री काय बिघडलं ते कधीच कळणार नाही.

काळी एक (पणजी)

पट्टीबद्दल नेमकं सांगतो. ४४१०० ची फाइल ४८००० ने वाजवली की आवाज ८.८ टक्के चढतो, म्हणजे जवळपास दीड अर्धस्वर. काळी एकच्या पट्टीतला तानपुरा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध जाऊन बसतो. पेटीवाल्याला कुठलीच पट्टी जुळत नाही. मेघगर्जना चढली तर कुणाला कळत नाही, म्हणून ही चूक फक्त तानपुऱ्यावर पकडली जाते.

दर बदलायचं काम वाजवताना करू नका. ४४१०० ते ४८००० चं गुणोत्तर १६० भागिले १४७. चांगल्या रिसॅम्पलरने फाइल चढवतानाच एकदा बदलून मेमरीत ठेवा. ४८००० स्टिरिओ, ३२ बिट फ्लोट म्हणजे सेकंदाला ३८४ केबी. दहा सेकंदांची गर्जना पावणेचार एमबी. बारा असल्या तरी ४ जीबीच्या मशीनला काही वाटणार नाही.

नांदीनंतर

तानपुरा वीस मिनिटांचा आहे. तोही मेमरीत?

काळी एक

वीस मिनिटं फ्लोट स्टिरिओ म्हणजे ४६० एमबी. चालेल, पण कशाला? तानपुरा मोनो करा आणि एका पूर्ण आवर्तनाचा तुकडा नीट जोड देऊन फिरवा. जोडाला ५० मिलिसेकंदांचा आडवा फेड (एक टोक उतरतं तेव्हा दुसरं चढतं) पुरतो. पार्श्वसंगीताच्या लांब फाइली तेवढ्या डिस्कवरून.

खडखडाट

आणि डिस्कवरून म्हणजे कॉलबॅकमधून नव्हे. इथे थोडं थांबतो, कारण सगळा धागा इथेच अडकलाय.

ऑडिओ कॉलबॅकला ठरलेली मुदत असते. २५६ फ्रेमला ५.३३ मिलिसेकंद. त्यात सरासरी वेळ किती लागतो हे बघून उपयोग नाही. हजारात एकदा ६ मिलिसेकंद लागले तरी ती एक टिक् सभागृहात ऐकू येते. म्हणून ज्याला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही ते कॉलबॅकमध्ये नकोच: फाइल वाचणं, मेमरी मागणं वा सोडणं, म्यूटेक्स (कुलूप), पडद्यावर छापणं, लॉग लिहिणं. म्यूटेक्सचा धोका असा की पडदा रंगवणारा कमी प्राधान्याचा थ्रेड कुलूप धरून बसतो, मधल्या प्राधान्याचं कुणीतरी त्याला बाजूला सारतं, आणि तुमचा ऑडिओ थ्रेड दोघांच्या मागे रांगेत.

तीन थ्रेड करा. पहिला पडद्याचा, दुसरा डिस्कचा, तिसरा ऑडिओचा. पडद्याकडून ऑडिओकडे आज्ञा जातात त्या एक-लेखक एक-वाचक रांगेतून. डिस्ककडून सॅम्पलं येतात तशाच रिंग बफरमधून. रिंगचा आकार दोनाच्या घातात घ्या, ६५५३६ फ्रेम म्हणजे १.३६ सेकंद, स्टिरिओ फ्लोटला ५१२ केबी. वाचनाचा आणि लेखनाचा निर्देशांक दोन्ही सतत वाढू द्या (बिनचिन्ह पूर्णांक), मेमरीत शिरताना फक्त ६५५३५ चा मास्क लावा. मग “भरलेलं किती” म्हणजे लेखन वजा वाचन, आणि रिकामं-भरलेलं यात गोंधळ होत नाही. लेखकाने आधी डेटा लिहायचा, मग निर्देशांक रिलीज क्रमाने प्रसिद्ध करायचा. वाचकाने निर्देशांक ॲक्वायर क्रमाने वाचायचा. साधा व्होलटाइल लावून इंटेलवर चालतं आणि एआरएम प्रोसेसरवर फुटतं.

टोकाला वळताना तुकडा दोन भागांत पडतो. डायरेक्टसाउंडचं लॉक म्हणूनच दोन पत्ते आणि दोन लांब्या परत देतं. बरेच जण पहिलाच भरतात, आणि वर सांगितलेली गुणगुण येते ती तिथून.

वापरून झालेला आवाज ऑडिओ थ्रेडने मोकळा करायचा नाही. उलट्या दिशेने एक “कचरा” रांग ठेवा, पडद्याचा थ्रेड निवांतपणे मेमरी सोडेल.

वासापी शेअर्ड मोड, इव्हेंटवर चालणारा, तुमच्या कामाला पुरेसा आहे. इंजिनाचा ठोका १० मिलिसेकंदांचा, ४८००० ला ४८० फ्रेम. जागे झालात की बफरच्या आकारातून सध्याचं पॅडिंग (अजून न वाजलेल्या फ्रेम) वजा करा, तेवढंच भरा. थ्रेडला एमएमसीएसएसमध्ये (विंडोजच्या प्राधान्य देणाऱ्या सेवेत) “प्रो ऑडिओ” म्हणून नोंदवा. हे विसरलं तर बाकी सगळं बरोबर असूनही ब्राउझर उघडल्याबरोबर टिक् येतं. आणखी कमी लेटन्सी (उशीर) हवी तर विंडोज १० मध्ये ऑडिओ क्लायंटची तिसरी आवृत्ती आहे, तिच्यात ठोका लहान मागता येतो. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या एचडी ऑडिओ ड्रायव्हरवर १२८ ते ४८० फ्रेमपर्यंत.

एक्सक्लुझिव्ह मोडच्या (कार्ड एकट्या तुमच्या ॲपला) वाटेला जाणार असाल तर एक खाचखळगा: एचडी ऑडिओला बफर १२८ बाइटच्या पटीत लागतो. ४८० फ्रेम म्हणजे १९२० बाइट, बरोबर १५ पट. पण ४४१०० ला १० मिलिसेकंद म्हणजे ४४१ फ्रेम, १७६४ बाइट, पटीत नाही. “आकार जुळत नाही” अशी चूक येते. जुळलेला आकार विचारून घ्यायचा (४४८ येतो), क्लायंट सोडून नवा घ्यायचा, आणि नव्या आकाराने पुन्हा सुरू करायचं.

शमेळ (काणकोण)

मध्येच विचारते. माझं ॲप याच जातीचं आहे, फक्त शिगम्याच्या तालमीसाठी: घुमट, शमेळ, कासाळें ही वाद्यं पॅडवर. पॅड मिडीने (वाद्यांचे संदेश नेणाऱ्या जोडणीने) जोडलंय, बफर ५१२, तरी ताल डुलतो. लेटन्सी एकसारखी असती तर हात जुळवून घेतला असता. ती बदलते.

काळी एक

शमेळताई, बदलतं ते बफरच्या कडेमुळे. तुमचं ॲप आलेला ठोका “पुढच्या बफरच्या सुरुवातीला” वाजवतंय. ठोका बफरच्या आरंभी आला तर जवळपास १०.७ मिलिसेकंद थांबतो, शेवटी आला तर जवळपास शून्य. द्रुत लयीत हे कानाला लगेच कळतं. ठोका आला तेव्हाची वेळ नोंदवा आणि पुढच्या बफरमध्ये त्याच अंतरावर, समजा १३७ व्या फ्रेमला, सुरू करा. सगळ्या ठोक्यांना सारखा एका बफरचा उशीर होईल, डुलणं जाईल. त्यानंतर बफर १२८ वर आणा.

मिडीचा दोष नाही. ३१२५० बॉडला नोट-ऑनचे तीन बाइट ०.९६ मिलिसेकंदात पोचतात. सॅम्पल कुठल्या स्वरूपात आहेत?

शमेळ

एमपी३.

काळी एक

ते आधी सोडा. एमपी३ मध्ये सुरुवातीला रिकामी जागा शिरते. लेम या एन्कोडरने केलेल्या फाइलीत एन्कोडरची ५७६ आणि डीकोडरची ५२९ मिळून ११०५ सॅम्पलं. ४४१०० ला २५ मिलिसेकंद! डीकोडरने ती कापली तर ठीक, पण सगळे कापत नाहीत. वेव्ह फाइली घ्या, संपादकात थापेच्या आधीची शांतता कापा, कापलेल्या जागी १६ सॅम्पलांचा फेड-इन द्या. ब्लूटूथ स्पीकरवर तालीम करू नका, तिथे शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात.

अंतराचाही हिशेब धरा. आपल्याकडच्या तीस अंशांच्या हवेत आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३५ सेंटिमीटर जातो. स्पीकर साडेतीन मीटरवर असेल तर १० मिलिसेकंद हवेतच गेले. पॅडवाल्याला हेडफोन द्या, बाकीचं सोपं होतं.

नांदीनंतर

स्वतः मिसळायचं ठरवलं. सगळ्यांची बेरीज करून आवाजांच्या संख्येने भागतो. बरोबर?

खडखडाट

नाही! भागलंत तर शंख सुरू झाला की तानपुरा निम्म्यावर येईल आणि शंख संपला की पुन्हा फुगेल. प्रेक्षकांना तो दम लागल्यासारखा ऐकू येतो.

१६ बिटमध्ये बेरीज करू नका. २०००० अधिक २०००० म्हणजे ४००००, पण १६ बिटमध्ये ते −२५५३६ होतं. वरचं टोक एकदम खाली आपटतं, आणि मोठ्या आवाजाला फाटल्यासारखी चरचर येते ती यामुळे. ३२ बिट फ्लोटमध्ये बेरीज करा, तिथे १.० च्या वर गेलं तरी काही फुटत नाही. शेवटी एकदाच मर्यादेत आणा.

जागा आधीच सोडा. परस्परांशी संबंध नसलेले आवाज दुप्पट झाले की पातळी ३ डेसिबल वाढते. तंतोतंत तोच आवाज दोनदा वाजला तर ६. म्हणजे एकच गर्जनेची कळ पटापट दाबली तर सर्वांत वाईट. फाइलींची शिखरं −१२ डीबीएफएसवर (डिजिटल कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली) ठेवलीत तर चार आवाज अगदी शिखरांवर जुळून आले तरी बसतात. त्यापुढे लिमिटर (शिखरं दाबणारा), २ मिलिसेकंद पुढे बघणारा, म्हणजे ९६ फ्रेम जास्तीची लेटन्सी. नाटकाला चालते. शमेळताईंनी लिमिटर न लावता पातळीच कमी ठेवावी.

आवाजाची पातळी बदलताना गुणक एकदम बदलू नका, ५ ते १० मिलिसेकंदांत सरळ रेषेत न्या. थांबवतानाही तेच: ५ मिलिसेकंद, म्हणजे २४० फ्रेम, फेड-आउट. नाहीतर प्रत्येक “थांबा”ला टिक् येतं आणि तुम्ही पुन्हा बफरला दोष द्याल.

रिव्हर्ब (घुमारा) लावणार असाल तर फ्लश-टू-झीरो (अतिसूक्ष्म आकडे शून्य धरणं) चालू करा. शेपूट विरत जाऊन आकडे अतिसूक्ष्म झाले की काही प्रोसेसर त्यांच्यावर कितीतरी पट वेळ घालवतात. पूर्ण शांततेत सीपीयूचा आलेख चढतो तो यामुळे.

आल्सावाला

दोन डोंगलचं राहिलं. दोन कार्डांची दोन स्फटिक घड्याळं कधीच एका चालीने चालत नाहीत. दोघांत दहा लाखांत ५० चा फरक धरला तर ४८००० ला सेकंदाला २.४ फ्रेम. तुमच्याकडे ५१२ फ्रेमची शिल्लक असेल तर साडेतीन मिनिटांत संपली, टिक्. तासाभरात ८६४० फ्रेम, म्हणजे १८० मिलिसेकंद. बफर वाढवला तर टिक् लांबतं, टळत नाही.

सॉफ्टवेअरचा उपाय: दुसऱ्या डोंगलसमोर सतत दर बदलणारा रिसॅम्पलर, आणि रिंग किती भरलेली आहे ते बघून त्याचं गुणोत्तर अगदी हळू हलवणारा नियंत्रक. भरलेली पातळी दोन-तीन सेकंदांची सरासरी काढून वापरा. घाईने हलवलं तर तानपुरा लहरतो. पाइपवायर हे स्वतःहून करतं: एका कार्डाला मुख्य धरतं, बाकीच्यांना त्याच्या चालीला लावतं. त्याचा नेहमीचा क्वांटम (एका वेळचा तुकडा) १०२४ असतो, तो ॲपपुरता कमी मागता येतो. पीडब्ल्यू-टॉप या त्याच्या देखरेखीच्या आज्ञेमध्ये चुकांचा स्तंभ वाढतोय का ते बघत राहा.

काळी एक

आणि हार्डवेअरचा उपाय म्हणजे डोंगल फेकून देणं. म्हापशेकरबाबांची हार्डवेअर मिसळण्याची हौस तिथे भागेल. रवींद्र भवनात काय किंवा मोठ्या जत्रेच्या मांडवात काय, मागे डिजिटल मिक्सर असतोच, आणि बहुतेकांना यूएसबी मागे असते. त्या एकाच यूएसबीवर अनेक चॅनेल, सगळ्यांना एकच क्लॉक. तानपुरा १ वर, संगीत ३-४ वर, संकेत ५-६ वर असं वेगवेगळं पाठवा. मग बेरीज, पातळी, लिमिटर हे मिक्सरवर, आणि फेडर ध्वनिवाल्याच्या हाताखाली. नट तार सप्तकात गेला की ध्वनिवालाच तानपुरा वर घेईल, तुम्हाला कळही दाबावी लागणार नाही. विंडोजवर यासाठी त्या मिक्सरचा आसिओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर घ्या, आणि मिक्सरचा दर ४४.१ आहे की ४८ ते आधी विचारा. चॅनेलांची मांडणी ॲपमध्ये पक्की गाडू नका, लहान मांडवात शेवटी दोनच मिळतात.

म्हापशेकर

हे पटलं.

आणि लॅपटॉपच्या हेडफोन खाचेतूनच जायची वेळ आली तर वायर बघून लावा. ३.५ मिमी स्टिरिओ ते एक्सएलआर (तीन पिनांचा प्लग) अशी तयार वायर बाजारात सर्रास मिळते. ती मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली की डावा-उजवा यांची वजाबाकी होते. जे दोन्हीकडे सारखं आहे ते नाहीसं. तानपुरा मधोमध असेल तर गेलाच, उरतो तो नुसता रिव्हर्ब. लोक मग सॉफ्टवेअरमध्ये फेज शोधत बसतात. स्टिरिओ डीआय बॉक्स (मिक्सरला जुळवून देणारा डबा) लावा, ट्रान्सफॉर्मरवाला. चार्जर लावल्यावर येणारी ५० हर्ट्‌झची घूंही त्यानेच जाते. चार्जरची अर्थिंगची पिन काढून घूं घालवायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. मांडवात जनरेटर असतो आणि जमीन ओली असते.

खाऱ्या हवेत त्या ३.५ मिमी खाचेचे संपर्क हिरवे पडतात, हात लागला की एक बाजू जाते. ती चरचर कुठल्याच लॉगमध्ये सापडत नाही.

नांदीनंतर

एकदाच उघडलेलं कार्ड, तीन थ्रेड, फ्लोट बेरीज, आसिओचे सहा चॅनेल असं बांधायला घेतो. शेवटचं: सगळं मिळून लेटन्सी किती झाली हे मोजायचं कसं? ॲप जे सांगतं त्यावर विश्वास ठेवू का?

आल्सावाला

ठेवू नका. ॲपला कन्व्हर्टरमधला आणि यूएसबीतला वेळ माहीत नसतो. मिक्सरच्या एका आउटपुटमधून वायर काढून त्याच्याच इनपुटला परत आणा, त्या इनपुटचा फेडर अगदी खाली ठेवून, नाहीतर शिट्टी बसेल. एका सॅम्पलचा टोकदार ठोका पाठवा, त्याच वेळी रेकॉर्ड करा, दोन्हींमधली सॅम्पलं मोजा. १२०० आली तर ४८००० ला २५ मिलिसेकंद, ही जाण्यायेण्याची मिळून. बफर २५६ चा ५१२ करून पुन्हा मोजा. फरक २५६ च्या किती पट आला त्यावरून वाटेत किती बफर आहेत ते कळतं, आणि उरलेला न बदलणारा भाग हार्डवेअरचा.

मग त्याच वायरवर ४४० हर्ट्‌झची सलग साइन दोन तास वाजवून रेकॉर्ड करा, वायफाय चालू, बॅटरीवर आणि चार्जरवर दोन्ही. शेजारच्या दोन सॅम्पलांतला फरक साइनच्या कमाल उतारापेक्षा जास्त निघाला तिथे टिक् आहे. ४८००० ला ४४० ची पूर्ण पातळीची साइन सॅम्पलागणिक ०.०५८ पेक्षा जास्त हलत नाही. ०.०७ च्या वरचं सगळं वेळेसकट छापा आणि कॉलबॅकच्या कमाल वेळेच्या नोंदीशी पडताळा. ती कमाल ठरलेल्या मुदतीच्या निम्म्याच्या आत असेल तर बफर आहे तिथेच राहू दे.